कुंडीतला सांभार, पुदिना आणि गोडलिंब: नागपूरच्या हवेत पैसे वाचवणारी क्रमवार पद्धत

बाजारात सांभार (कोथिंबीर) महागला की घरोघरी रिकाम्या कुंड्या बाहेर निघतात. कोणी डब्यातले मूठभर धने ओल्या मातीत टाकतं, कोणी नर्सरीतून पुदिन्याचं रोप आणतं, कोणी प्लॉटवरची काळी माती बादलीत भरतं. पंधरा दिवसांनी धने उगवलेले नसतात, पुदिना पिवळा पडलेला असतो, बादलीतल्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. मग घरात ठरून जातं की आपल्या नागपुरात हे जमायचं नाही.

जमतं. वर्षातले आठ-नऊ महिने उत्तम जमतं आणि उन्हाळ्याचे तीन महिने निदान झाडं जगवता येतात. चूक बहुतेक घरी एकच असते, ती म्हणजे कामाचा क्रम. आधी रोप येतं, मग कुंडी शोधली जाते, मग मिळेल ती माती भरली जाते आणि ऊन कुठे पडतं याचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. खाली दिलेला क्रम बरोबर याच्या उलट आहे. मधला एकही टप्पा गाळू नका, विशेषतः पहिला आणि चौथा.

## टप्पा १: आधी पंधरा दिवस वही

कुंडी, बी, खत काहीही विकत घेण्याआधी पंधरा दिवस एक साधी नोंद ठेवा. दोन रकाने पुरेत. एकात आज किती रुपयांचा सांभार, पुदिना, गोडलिंब (कढीपत्ता), मिरची, अद्रक आणलं ते लिहा. दुसऱ्यात त्यातलं फ्रिजमध्ये काळं पडून किती फेकलं ते लिहा. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. पोह्यांवर घालायला चार काड्या लागतात आणि आपण अख्खी जुडी आणतो. घरच्या कुंडीतून लागेल तेवढंच खुडता येतं, त्यामुळे पहिली बचत या फेकण्यातच होते.

एक उदाहरण मांडून बघू. समजा आठवड्याला १५ रुपयांच्या सांभारच्या तीन जुड्या, १० रुपयांचा पुदिना आणि १० रुपयांचा गोडलिंब येतो. म्हणजे आठवड्याला ६५ आणि महिन्याला साधारण २८० रुपये. यातले निम्मे वाचले तरी हातात १४० रुपये उरतात. आता कोणी सुरुवातीलाच ९०० रुपयांच्या रंगीत कुंड्या आणल्या, तर सहा-सात महिने फक्त कुंड्यांचे पैसे फिटण्यात जातील. म्हणून नियम असा ठेवा: तुमच्या वहीप्रमाणे तीन महिन्यांत जेवढं वाचू शकेल, तेवढाच सुरुवातीचा खर्च. त्याच्या वर एक रुपया नाही.

वही बघून झाडं निवडा. ती तीन गटांत पडतात.

एकदा लावून वर्षानुवर्षे चालणारी: गोडलिंब, पुदिना, गवती चहा, पानओवा. खरी बचत इथे आहे. लोक मात्र सुरुवात सांभारपासून करतात आणि तो फसला की सगळंच सोडून देतात.

पुन्हा पुन्हा पेरावी लागणारी: सांभार, मेथी, लसणाची पात. बी घरच्या डब्यातून निघत असल्याने खर्च नगण्य, पण पेरणीची शिस्त पाळावी लागते.

दुसऱ्या वर्षासाठी ठेवावीत अशी: मिरची आणि अद्रक. मिरचीवर रोगराई लवकर येते आणि अद्रक आठ-नऊ महिने कुंडी अडवून बसतं. पहिल्याच वर्षी यांच्या मागे लागू नका.

सावधान: डिसेंबर-जानेवारीत सांभार इतका उतरतो की भाजीवाला इतर भाजीवर तो तसाच टाकून देतो. त्या दोन महिन्यांत घरच्या सांभारने पैसे फार वाचत नाहीत. फायदा होतो तो नोव्हेंबरमध्ये आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये. पेरणीचं वेळापत्रक याच हिशेबाने बसवायचं आहे.

## टप्पा २: ऊन मोजा

सुटीच्या एका दिवशी सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ४ वाजता गच्चीत, गॅलरीत आणि खिडकीत ऊन कुठे आहे ते बघा. खडूने जमिनीवर खूण करा.

पूर्वेची गॅलरी असेल तर तुमचं काम सोपं आहे. सकाळचं चार-पाच तास ऊन सांभार, मेथी आणि पुदिना तिघांनाही मानवतं. पश्चिमेची गॅलरी हिवाळ्यात चालते, पण मार्चपासून तिथलं दुपारचं ऊन आणि तापलेली भिंत मिळून कोवळी पानं करपवतात. तिथे गोडलिंब आणि गवती चहा ठेवा, ते टिकतात. दक्षिणेला हिवाळ्यात भरपूर ऊन मिळतं. फक्त उत्तरेचीच बाजू असेल तर पुदिना आणि पानओव्यावर समाधान माना. तिथे सांभार उंच, फिकट आणि लोळणारा होतो.

गच्चीवर ठेवणार असाल तर वजनाचा विचार आत्ताच करा. ओल्या मातीने भरलेली २० लिटरची बादली ३० किलोच्या आसपास भरते. अशा दहा बादल्या स्लॅबच्या मधोमध मांडू नका, भिंतीच्या कडेने मांडा. स्लॅब पावसाळ्यात आधीच झिरपत असेल तर आधी तो दुरुस्त करून घ्या. कुंडीतल्या सांभारपायी खालच्या खोलीचा रंग जायला नको.

तपासणी: निवडलेल्या जागेपासून नळ किती लांब आहे? पाण्यासाठी रोज दोन जिने चढावे लागणार असतील, तर एप्रिलमध्ये तुमचा उत्साह आणि झाडं एकदमच संपतील. जागा बदला.

## टप्पा ३: कुंडी विकत घेऊ नका, शोधा

सांभार आणि मेथीला खोली ६ ते ८ इंच पुरते, पसारा मात्र हवा. फळवाल्याकडचे जुने प्लास्टिक क्रेट यासाठी सर्वांत चांगले. संत्र्याच्या हंगामात ते सहज मिळतात. आतून जुना बारदाना किंवा हिरव्या नेटचा तुकडा लावला की माती सांडत नाही आणि पाणी चारही बाजूंनी निघून जातं. थर्माकोलचे खोके पण चांगले, उन्हाळ्यात त्यांतली माती कमी तापते.

पुदिन्याला पसरट टब, गवती चहाला रंगाची २० लिटरची बादली. गोडलिंबाला निदान १४ इंच रुंद आणि तेवढीच खोल कुंडी द्या, कारण तो तिथे बरीच वर्षं राहणार आहे.

बादलीच्या तळाला पेन्सिल आरपार जाईल अशी चार-पाच छिद्रं पाडा आणि तळापासून एक इंच वर कडेलाही दोन पाडा. कुंडी फरशीवर टेकवू नका, खाली विटांचे तुकडे ठेवा. नाहीतर छिद्रं असूनही पाणी अडतं.

टाळा: तेलाचे पत्र्याचे पिपे. मार्चपासून पत्रा इतका तापतो की कडेची मुळं भाजतात. काळ्या रंगाच्या कुंड्या असतील तर बाहेरून चुना लावून पांढऱ्या करा.

सावधान: कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. पावसाळ्यात ताटल्या काढूनच टाका, इतर वेळी आठवड्यातून एकदा तरी त्या उपड्या करून कोरड्या करा.

## टप्पा ४: माती, म्हणजे निम्मं काम

इथे घाई करू नका. नागपुरात कुंडीतली झाडं मरण्याचं सगळ्यांत मोठं कारण काळी माती आहे.

शेतात काळी माती सोन्याच्या मोलाची, कारण ती पाणी धरून ठेवते. कुंडीत तिचा तोच गुण नडतो. ओली झाली की ती फुगते, मुळांना हवा मिळत नाही आणि मुळं कुजतात. वाळली की आक्रसते, कडेने भेग पडते आणि वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं. ताटलीत पाणी दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं की झाडाला पाणी मिळालं. मधला गोळा मात्र कोरडाच असतो. शिवाय या मातीत चुन्याचं प्रमाण जास्त असल्याने झाडाला लोह नीट मिळत नाही. गोडलिंबाची नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

प्रमाण घमेल्याने मोजा:

- लाल माती ३ घमेली
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३ घमेली
- कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), भिजवून फुगवलेलं, २ घमेली
- चाळलेली जाड रेती १ घमेलं
- काळी माती, ढेकळं फोडून, १ घमेलं. मिळाली नाही तरी अडत नाही.

यात दीड फूट बाय एक फुटाचे तीन क्रेट आणि एखादी बादली भरते. निंबोळी ढेप प्रत्येक क्रेटला एक मूठ.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची एक वीट फुगून साधारण आठ-नऊ लिटर होते, म्हणजे दोन घमेल्यांना दोन-तीन विटा लागतात. ते भिजवलेलं पाणी टाकून द्या आणि एकदा ताज्या पाण्याने धुवून पिळून घ्या, त्यात मीठ असू शकतं. बांधकामाच्या ढिगावरून रेती आणणार असाल तर त्यात सिमेंट मिसळलेलं नाही ना ते बघा. चाळल्यावर जी बारीक भुकटी खाली पडते ती फेका आणि वर राहिलेले जाड कण वापरा. बहुतेक जण याच्या उलट करतात आणि माती आणखी चिकट करून ठेवतात.

शेणखत हातात घेऊन हुंगा. शेणाचा वास आला किंवा आत हात घातल्यावर ऊब लागली तर ते कच्चं आहे. कच्चं खत कुंडीत तापतं, कोवळी मुळं जाळतं आणि सोबत हुमणी व वाळवी घेऊन येतं. कुजलेलं खत काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो.

सगळं कालवून हलकं ओलं करा आणि सावलीत आठ-दहा दिवस बारदान्याखाली झाकून ठेवा. त्यानंतरच कुंडीत भरा. वरून दोन इंच रिकामं सोडा.

तपासणी १: ओली माती मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा राहायला हवा आणि बोटाने टोचताच फुटायला हवा. गोळा होतच नसेल तर रेती जास्त झाली. टोचूनही फुटत नसेल तर काळी माती जास्त आहे, अर्धं घमेलं रेती आणि अर्धं कोकोपीट वाढवा.

तपासणी २: भरलेल्या, ओल्या कुंडीत एक लिटर पाणी ओता. मिनिटभरात वरचं पाणी मुरलं पाहिजे आणि थोड्याच वेळात खालून ठिबकायला लागलं पाहिजे. पाणी वरच तळ्यासारखं थांबलं तर बी पेरू नका, कुंडी रिकामी करा आणि मिश्रण सुधारा. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे चार महिने त्यावर अवलंबून आहेत.

घरचा ओला कचरा वापरायचा असेल तर तो आधी वेगळ्या डब्यात कुजवा. सालं थेट कुंडीत पुरू नका. गांडुळांच्या डब्यात संत्र्याची सालं ढिगाने टाकली तर गांडुळं मागे सरतात. ती बारीक तोडा, वाळवा आणि थोडी थोडी वाळलेल्या पानांबरोबर मिसळा.

## टप्पा ५: धन्याची परीक्षा

सांभारचं बी विकत घ्यायची गरज नाही. किराण्यातले धने चालतात, फक्त ते जुने नकोत. नवे धने हिरवट-पिवळसर आणि चोळल्यावर घमघमणारे असतात. तपकिरी, भुरकट, वास उडालेले धने मसाल्याला ठीक, पेरायला नाहीत. भाजलेले धने अर्थातच उगवणार नाहीत.

एक धना हाताच्या तळव्यावर घेऊन नीट बघा. तो गोल दाणा म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन बियाणी आहेत. मधून फोडला तर दोन वाट्या वेगळ्या होतात आणि प्रत्येकीतून एक रोप निघतं. अख्खे धने पेरले तरी काही उगवतात, पण उशिरा आणि विरळ. म्हणून धने जाड कापडावर पसरा आणि वरून लाटणं हलक्या हाताने फिरवा. टचकन आवाज आला की थांबा. चुरा दिसू लागला तर जोर जास्त झाला. मिक्सर, खलबत्ता यांच्या वाटेला जाऊ नका.

फोडलेल्या २० वाट्या रात्रभर भिजवा, ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फडकं ओलं राहू द्या. दहा दिवसांत निम्म्याहून कमी वाट्यांना मोड आले तर ते धने भाजीत वापरा आणि पेरायला दुसरे आणा. मेथीची परीक्षा तीन-चार दिवसांत होते.

सावधान: कृषी केंद्रातून आणलेलं बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल तर त्याला औषध चोळलेलं आहे. ते स्वयंपाकाच्या डब्याजवळही ठेवू नका, मुलांपासून लांब ठेवा आणि हात धुवा.

## टप्पा ६: पेरणी, योग्य वेळी आणि तुकड्या-तुकड्याने

घट बसले की मेथी आणि कोजागिरीच्या सुमारास सांभार, हा हिशेब नागपूरला बरोबर बसतो. ऑक्टोबर हीट उतरू लागली की धने चांगले उगवतात. पारा सतत ३० च्या वर असला की ते उगवायला नाखूश असतात, आणि उगवलेच तरी पानं धरायच्या आधी तुऱ्यावर, म्हणजे फुलावर, जातात. एप्रिल-मेमध्ये पेरलेल्या सांभारकडून फार अपेक्षा ठेवू नका.

सांभार असा पेरा:

१. फोडलेले धने रात्रभर, साधारण १२ तास भिजवा. पाणी काढून कापडावर तासभर कोरडे होऊ द्या, म्हणजे हाताला चिकटणार नाहीत.

२. आदल्या दिवशी कुंडीला भरपूर पाणी द्या. पेरल्यानंतर धो-धो पाणी घालून बी एका कोपऱ्यात वाहून जाणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

३. बोटाने एक सेंटीमीटर खोल रेघा ओढा. दोन रेघांत चार बोटं अंतर आणि रेघेत दोन दाण्यांत दोन-तीन सेंटीमीटर.

४. वरून चाळलेल्या गांडूळखताचा पातळ थर आणि हाताने हलकी थाप.

५. ओला बारदाना झाकून ठेवा. झारीने त्यावरच पाणी शिंपडा.

६. पाचव्या दिवसापासून रोज सकाळी बारदाना उचलून बघा. पहिले कोंब दिसले की त्याच दिवशी काढून टाका. दोन दिवस उशीर झाला तर कोंब पिवळे आणि लांबट होतात, बारदान्याच्या धाग्यांत अडकून तुटतात.

सांभार ७ ते १५ दिवसांत उगवतो. आठव्या दिवशी निराश होऊन माती उकरणाऱ्यांनी बरंच पीक घालवलेलं आहे. तसंच सांभारचं रोप उपटून दुसरीकडे लावू नका. त्याचं मूळ सरळ खाली जाणारं असतं, ते दुखावलं की रोप लवकर तुऱ्यावर जातं. दाटी झाली तर जास्तीची रोपं कात्रीने कापून आमटीत टाका.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट: तिन्ही क्रेट एकाच दिवशी पेरू नका. पहिला आज, दुसरा पंधरा दिवसांनी, तिसरा महिन्याने. पहिला क्रेट ३५ ते ४५ दिवसांत कापणीला येतो. तिसरा तयार होईतो पहिल्याची दुसरी कापणी झालेली असते. क्रेट थकला की रिकामा करायचा, दोन मुठी गांडूळखत घालायचं आणि पुन्हा पेरायचं. शेवटची पेरणी जानेवारीच्या अखेरीस करा, तिचा सांभार मार्चपर्यंत पुरतो. एकदम पेरणाऱ्यांच्या घरी एका आठवड्यात सांभारवडी होते आणि पुढचा महिनाभर बाजारातून जुड्या येतात. तिथे बचत संपते.

मेथी याच पद्धतीने पेरा, धन्यासारखी फोडायची गरज नाही. ती तिसऱ्या-पाचव्या दिवशी उगवते आणि २५ ते ३० दिवसांत तयार होते. लसणाच्या बारीक पाकळ्या, ज्या सोलायचा कंटाळा येतो, त्या टोक वर करून नोव्हेंबरमध्ये कडेने खोचा. तीन-चार आठवड्यांत पात कापायला येते.

सावधान: कोवळी रोपं जमिनीलगत नरम पडून कोलमडू लागली तर दाटी आणि जास्त पाणी ही कारणं. पाणी थांबवा, कोलमडलेली रोपं काढा, कुंडी वाऱ्यावर ठेवा. कबुतरं आणि खारी कोंब खुडतात, त्यासाठी पहिले तीन आठवडे जुनी मच्छरदाणी ताणून बांधा.

## टप्पा ७: कायमची झाडं

पुदिना. नर्सरीत पैसे घालू नका. भाजीतला ताजा पुदिना आणला की त्यातल्या जाडसर, निरोगी सात-आठ काड्या बाजूला काढा. चार-पाच इंच लांबी ठेवा, खालची पानं काढा आणि पेल्यात पाण्यात उभ्या करा. पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. ती बोटाच्या एका पेराएवढी झाली की लावा. मुळं खूप लांब होऊ दिली तर मातीत रुजायला त्रास होतो. पुदिना एकटाच लावा. त्याचे धावते फुटवे शेजाऱ्याला जगू देत नाहीत. वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये, सगळा गड्डा काढून नव्या मातीत ताजे फुटवे लावा. पानाखाली नारिंगी ठिपके दिसले तर तांबेरा आहे, झाड मातीपासून दोन बोटांवर कापून टाका आणि कापलेलं घराबाहेर फेका.

गोडलिंब. हे रोप मात्र विकत घ्या किंवा शेजारच्या मोठ्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं पिल्लू मुळासकट मागून आणा. सर्वांत चांगली वेळ पाऊस स्थिरावल्यावर, जुलैत. पहिलं वर्ष पानं तोडू नका. मला ठाऊक आहे, फोडणी देताना हात तिकडे जातो, पण याच वर्षी त्याचं खोड तयार होतं. दुसऱ्या वर्षापासून सुटं पान ओरबाडण्याऐवजी फांदीचा शेंडा कात्रीने कापा. कापलेल्या ठिकाणी दोन नवे फुटवे येतात. थंडीत तो वाढायचा थांबतो, काही पानंही गाळतो. तेव्हा खत घालून त्याला जागं करायचा प्रयत्न करू नका, पाणी कमी करा. फेब्रुवारीच्या अखेरीस छाटणी करा, वरची दोन इंच माती काढून शेणखत भरा. फुलं आली तर खुडा.

गोडलिंब, लिंबू आणि संत्रा एकाच कुळातले, त्यामुळे लिंबावर येणारी फुलपाखराची अळी यावरही येते. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की पानाच्या हिरव्या रंगात लपते. दोन मोठ्या अळ्या लहान रोपाचा दोन दिवसांत खराटा करतात. औषध नको, रोज सकाळी पानांची खालची बाजू बघा आणि हाताने वेचा.

गवती चहा आणि पानओवा. शेजाऱ्यांकडून एक ठोंब आणि एक फांदी मागून आणा, बस. गवती चहा मातीपासून चार बोटांवर कापत राहा. पानओव्याला पाणी कमी द्या, तो जास्त पाण्यानेच सडतो.

## टप्पा ८: पाणी आणि खत

रोज ठरल्या वेळी तांब्याभर पाणी ही पद्धत सोडा. बोट मातीत दोन पेरं घाला. ओल लागली तर पाणी नको, कोरडं लागलं तर खालून ठिबकेपर्यंत द्या. हिवाळ्यात एक-दोन दिवसांआड पुरतं, एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर असं दोनदा लागतं.

कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी झाडांना घालू नका. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, दर दिवशी ते दाट होत जातात. आरओ मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच, त्याने फरशी पुसा. मातीवर पांढरा थर दिसू लागला तर वरचा अर्धा इंच खरवडून काढा आणि एकदा भरपूर नळाचं पाणी सोडून कुंडी धुवून काढा. तांदूळ-डाळ धुतलेलं बिनमिठाचं पाणी चालतं.

खत म्हणून पंधरा दिवसांनी क्रेटला एक मूठ गांडूळखत पुरेसं आहे. जास्त खताने पानं मोठी होतात, वास मात्र मरतो आणि मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) येतो. मावा आला तर पाण्याचा जोरदार फवारा, त्याने गेला नाही तर एक लिटर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे दोन-चार थेंब, संध्याकाळी. फवारल्यावर चार-पाच दिवस पानं खाऊ नका, नंतर धुवूनच घ्या.

## टप्पा ९: कापणी

सांभार उपटू नका. बाहेरच्या उंच काड्या मातीपासून दोन बोटांवर कापा, मधला कोवळा फुटवा राहू द्या. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नका. असं केलं तर एका पेरणीतून दोन-तीन कापण्या मिळतात. मेथीची पहिली कापणीही कात्रीने करा, दुसरी मुळासकट. पुदिन्याचा शेंडा पानांच्या जोडीच्या लगेच वर कापा. सकाळी कापलेली पानं जास्त वेळ टवटवीत राहतात.

मधूनच एखाद्या रोपाचं पान बारीक, शेपूसारखं दिसू लागलं की ते तुऱ्यावर चाललं. त्याला आता पान येणार नाही. फेब्रुवारीत अशी पाच-सहा रोपं मुद्दाम राहू द्या, त्यांचं काम पुढे आहे.

## टप्पा १०: उन्हाळा काढणे

होळी झाली की ५० टक्के सावलीचं हिरवं नेट बांधा, झाडांच्या दोन-तीन फूट वर, म्हणजे खालून वारा खेळेल. दोऱ्या पक्क्या असू द्या, एप्रिल-मेमधल्या वादळात नेट उडून कुंड्या आडव्या होतात. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, मातीवर वाळलेल्या पानांचा दोन इंच थर द्या. पुदिना पूर्ण सावलीत, फक्त सकाळचं ऊन मिळेल असा हलवा.

नवतपात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यापासूनच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, काहीही नवं लावू नका, छाटू नका, खत घालू नका, निंबोळी तेल फवारू नका. झाड जिवंत ठेवणं एवढंच या दिवसांचं काम आहे. पुदिन्याची वरची पानं करपली तरी टब फेकू नका. माती ओलसर ठेवली तर पावसात गड्ड्यातून नवे फुटवे येतात.

जूनच्या मध्यानंतर नेट काढा. पहिल्या जोरदार सरींनी क्रेटमधली माती वाहून जाते, म्हणून रिकामे क्रेट पत्र्याखाली सरकवा. ती माती एकदा उन्हात पसरून वाळवलेली असली की सप्टेंबरात चौथा हिस्सा नवं शेणखत मिसळून पुन्हा वापरता येते. विकत आणायची गरज नाही.

राहू दिलेल्या सांभारवर मार्चमध्ये धने धरतात. ते पिवळसर झाले की देठासकट कापा, कागदी पिशवीत उलटे टांगून सावलीत वाळवा, चोळून दाणे मोकळे करा. पूर्ण कोरडे झाल्यावर काचेच्या बरणीत कडुनिंबाच्या चार वाळलेल्या पानांसोबत भरा आणि घरातल्या सगळ्यांत थंड, अंधाऱ्या कप्प्यात ठेवा. बरणीवर महिना लिहून चिठ्ठी लावा. सप्टेंबरच्या अखेरीस यांतलेच २० दाणे फडक्यात बांधून टप्पा ५ ची परीक्षा घ्या.